जौदतच्या घरची कॉफी

जौदतला शिव्या घालायला लागलो की माझी जीभ थांबत नाही. पॅलेस्टाइनमधल्या आमच्या हलहूल गावच्या बाजारात मला कुठेही उभं करा, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करीन. फक्त बापाला वगळीन, कारण बाप देवमाणूस होता. आणि बहिणीला वगळीन, कारण ही गोष्ट तिचीच आहे.

तिचं नाव रस्मिया. मुलीचं नाव सुहाद, म्हणून गाव तिला उम्म सुहाद म्हणतं. अकरा वर्षं मी तिचा माल माझ्या ट्रकमधून वाहिला. द्राक्षाची काकवी, उन्हात वाळवलेली द्राक्षपोळी, मिठातली द्राक्षाची पानं. हंगामात चौदा बायका तिच्या शेडमध्ये कामाला असायच्या आणि त्या चौदा जणींचा आवाज एकीकडे, हिचा एकटीचा एकीकडे. ट्रकमध्ये चढण्याआधी प्रत्येक बरणीचं झाकण ती नखाने वाजवून बघायची. घट्ट बसलेलं झाकण टक्‌ करून वाजतं, सैल असेल तर आवाज बसका येतो. बसकी बरणी बाजूला.

"उम्म सुहाद, चार हजार बरण्या आहेत," मी कुरकुरायचो. "नाक्यावर रांग लागली असेल."

"लागू दे. तुम्हाला काय, तुम्ही रांगेत झोप काढता."

"एकदा आमच्या मंत्र्यांनाही असं वाजवून बघा."

"त्यांना कशाला हात लावायचा? ते लांबूनच ऐकू येतात," असं म्हणून ती पुढची बरणी घ्यायची.

बारा वर्षांची असताना तिची आई गेली. जौदत तेव्हा सहा वर्षांचा. त्याला न्हाऊमाखू घालणं, शाळेत सोडणं, ताप आला की उशाशी बसणं, सगळं हिने केलं. लग्न होऊन गेली तेव्हा तो तिच्या गाडीमागे रडत पळाला होता, हे मी स्वतः पाहिलंय. चौतिसाव्या वर्षी नवरा इमारतीच्या कामावर छातीत कळ येऊन गेला आणि ती मुलीला घेऊन बापाच्या घरी परत आली. बापाने तिला रिकामं बसू दिलं नाही. अंगणातली तांब्याची मोठी कढई दाखवून म्हणाला, "तुझी आजी हिच्यात काकवी करायची. जमतं का बघ."

तिला जमलं. गावात काकवी सगळ्याच बायका करतात, पण हिची काकवी वर्षभर ठेवली तरी तळाशी साखर धरायची नाही. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. एका कढईच्या तीन झाल्या, तिनाच्या सात. मग रस्त्यालगत शेड उभी राहिली.

ती शेड जिथे उभी होती ती जागा नीट लक्षात घ्या, कारण सगळं रामायण त्या जागेवरून झालं. बापाची जमीन सहा दोनुम, म्हणजे तुमच्या हिशेबाने जेमतेम दीड एकर. मरण्याआधी बापाने चार माणसांदेखत सांगितलं होतं, "वरची चार जौदतची, खालची रस्त्याकडची दोन रस्मियाची." त्या चार माणसांत मीही होतो. रस्त्याच्या अलीकडे बांधकामाला आमच्या नगरपालिकेची परवानगी चालते. पलीकडे इस्रायली लष्कराची लागते आणि ती मिळालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्यामुळे रस्त्याच्या अलीकडचा कातळसुद्धा सोन्याच्या भावाने जातो.

आणि कागद? कागद नव्हता. आमच्याकडे निम्म्या जमिनींना तो नसतो. तुर्कांच्या राज्यात जमीन नावावर केली की कर मागायला माणूस यायचा आणि फौजेत न्यायला पोरगा मागायचा, म्हणून आमच्या पणजोबांनी नावं लावलीच नाहीत. नंतर जी जी राज्यं आली त्यांनी मोजणी सुरू केली आणि अर्ध्यावर टाकून निघून गेली. तरी जमीन कुणाची हे गावाला ठाऊक होतं. भावाकडे कागद मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं, असं आम्ही मानत आलो. आम्ही मूर्ख आहोत, हे मी आता म्हणतो. तेव्हा मीही तसंच मानायचो.

धंदा करणं आमच्याकडे किती सोपं आहे ते मला विचारा. बरण्या भरायचं यंत्र तिने तुर्कस्तानातून मागवलं. ते इस्रायलच्या बंदरात सात महिने पडून राहिलं, कारण त्यातला एक पंप शस्त्रांच्या कामाला येईल असा कुणाला तरी संशय आला. गोदामाचं भाडं चढत होतं आणि रस्मियाला आपल्याच यंत्राला भेटायला जायचा परवाना मिळत नव्हता. माल हद्दीपलीकडे पाठवायचा तर लष्कराच्या नाक्यावर पाच पाच तास उन्हात उभं राहायचं. मग सगळ्या बरण्या उतरवायच्या, कुत्र्यांनी हुंगायच्या, यंत्रातून जायच्या आणि पलीकडच्या ट्रकमध्ये चढायच्या. माझा ट्रक तिथून पुढे जात नाही. एकदा द्राक्षपोळी उन्हाने इतकी मऊ झाली की सगळ्या पोळ्यांची मिळून एक गादी झाली. रस्मियाने ती गादी कापून शेडमधल्या बायकांना वाटली आणि दुसऱ्या दिवशी कढया पुन्हा चुलीवर चढवल्या. रडली नाही. मी तिला रडताना पाहिलं नाही, शेवटपर्यंत नाही.

मग अम्मानच्या एका व्यापाऱ्याने चाळीस हजार बरण्यांची मागणी केली. सात कढयांत ते जमणारं नव्हतं. वाफेची भट्टी हवी होती, थंड खोली हवी होती आणि त्यासाठी कर्ज. बँकेतल्या माणसाने तिची काकवी चाखली, बोटं चाटली आणि म्हणाला, "बाई, सगळं छान आहे. जमिनीचा कागद आणा."

नेमक्या त्याच वर्षी मोजणीचं पथक आमच्याकडे आलं होतं. खांबावर दुर्बीण लावून माणसं मळ्यामळ्यातून फिरत होती, दगडांवर लाल रंगाचे ठिपके मारत होती. ज्याची जमीन त्याने नाव सांगायचं, यादी महिनाभर भिंतीवर लागणार, हरकत आली नाही की पक्का कागद. रस्मिया इतकी खूश झाली की त्या मोजणीवाल्यांना तिने दोन बरण्या फुकट दिल्या. मी तिला फुकट काही देताना पहिल्यांदाच पाहत होतो.

"दोन दोनुम माझ्या नावावर," ती मला म्हणाली. "अबू नाएफ, पुढच्या हंगामात तुमचा हा खटारा पुरायचा नाही."

ती बकरी ईद होती. ईदच्या पहिल्या दिवशी भाऊ बहिणीकडे मटण आणि पैसे घेऊन जातो, तसा जौदत आला. मी शुभेच्छा द्यायला आधीच येऊन बसलो होतो. जौदतचं शेजारच्या खलील शहरात दुकान आहे, चिनी प्लास्टिकच्या खुर्च्या आणि बादल्यांचं. अंगावर नवा कोट, पायात चकचकीत बूट. रस्मियाने त्याच्यापुढे खजुराची बिस्किटं ठेवली, वेलचीची काळी कॉफी ठेवली.

त्याने कपाला हात लावला नाही.

आमच्याकडे याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. काही मागायला आलेला माणूस कॉफी पुढे ठेवली तरी पीत नाही. यजमान "पी, तुझं काम झालं" म्हणाला की मगच कप उचलायचा. पाहुणा कप तसाच भरलेला ठेवून उठून गेला, तर त्या घराची अब्रू गेली. आणि मागणाऱ्याने न मिळताच कॉफी पिऊन टाकली, तर त्याने मागणं सोडलं. लग्नं अशीच ठरतात, खुनाची भांडणंसुद्धा अशीच मिटतात. पण सख्खा भाऊ बहिणीच्या घरी कप अडवून बसलाय, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

"काय रे?" रस्मिया हसून म्हणाली. "माझ्या मुलीला मागायला आलास की काय?"

"ताई, जमीन एका नावावर होऊ दे," जौदत म्हणाला. "दोन नावं दिसली की अम्मानचे चुलतभाऊ उठतील. म्हणतील, बहिणीला मिळालं, मग आम्हाला का नाही? दहा वर्षं कज्जा चालेल. एक नाव असलं की महिन्यात कागद. कर्ज मी काढतो, भट्टी तुझी."

"आणि माझी दोन?"

"तुझी दोन तुझीच आहेत. कोण नाही म्हणतंय?"

"मग तेवढं लिहून दे मला. अबू नाएफ बसलेत, ते सही करतील."

जौदतचा चेहरा पडला. खरंच पडला की पाडला, हे मला आजही सांगता येणार नाही. "माझ्याकडून कागद मागतेस?" तो म्हणाला. "तू मला भरवलंस, ताई. तुझ्यामागे माझ्याशिवाय कोण आहे? उद्या तुला कुणी बोललं तर कुणाच्या दारात जाशील?"

कपावरची वाफ गेली. रस्मिया त्या कपाकडे बघत राहिली. भाऊ तुटला तर बाईला माहेर उरत नाही, हे आमच्याकडच्या प्रत्येक बाईला पाळण्यात असल्यापासून ऐकवतात. तिने मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किट खात होतो. मी म्हणू शकलो असतो की बापाने काय सांगितलं ते मी ऐकलंय, तेवढं लिहूनच टाका. मी दुसरं बिस्किट घेतलं.

"पी रे," ती म्हणाली. "तुझं काम झालं. गार झाली, दुसरी करू का?"

"असू दे, अशीच गोड लागते," जौदत म्हणाला आणि एका घोटात प्याला.

आठवड्याने शरिया न्यायालयात तिने आपला वाटा भावाला सोडून दिला. काझींनी नियमाप्रमाणे विचारलं, "कुणी जबरदस्ती केली नाही ना, बाई?" ती म्हणाली, "नाही, भाऊ आहे माझा." साक्षीदार दोन. एक गावातले वडीलधारे हाजी इद्रीस आणि दुसरा मी. यादी महिनाभर नगरपालिकेच्या भिंतीवर होती. मी रोज तिथून ट्रक नेत होतो. ती एकदाही बघायला गेली नाही.

कागद आला, कर्ज आलं नाही. "काम चालू आहे, ताई," जौदत फोनवर म्हणायचा. मे महिन्यात वरच्या चार दोनुमांवर बुलडोझर लागला. जूनमध्ये रस्त्याकडे फलक उभा राहिला, त्यावर द्राक्षांचा घड आणि खाली 'करमतुना फळप्रक्रिया कंपनी'. करमतुना म्हणजे आपली द्राक्षवेल. आखातात पैसा केलेला कुणी गुंतवणूकदार होता. त्याला आमच्याकडे पैसे घालायचे होते, पण वाद नसलेली, कागदाची, परवानगीची जमीन सापडत नव्हती. ती त्याला जौदतने दिली. सहाच्या सहा दोनुम. बदल्यात कंपनीत भागीदारी घेतली. फीत कापायला रामल्लाहून सरकारी माणसं आली आणि मातृभूमीत गुंतवणूक यावर इतकं बोलली की पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांना डुलक्या लागल्या. रस्मियाला बोलावलं नव्हतं. ती आपल्या अंगणात पानं निवडत होती आणि लाउडस्पीकर तिथवर ऐकू येत होता.

सप्टेंबरमध्ये द्राक्षं उतरली तेव्हा शेडला नवं कुलूप होतं. तिच्या सात कढया कुणीतरी बाहेर रस्त्याच्या कडेला ठेवल्या होत्या, एकात एक, नीट रचून. चौदा बायका तिथे उभ्या राहिल्या आणि मग एकेक करून घरी गेल्या.

कंपनीकडून टाय लावलेला एक पोरगा तिला भेटायला आला. "काकू, तुमच्या अनुभवाचा आम्हाला आदर आहे. तुम्हाला चव तपासायच्या कामावर घ्यायला आम्ही तयार आहोत."

"माझ्याच शेडमध्ये?"

"कंपनीच्या शेडमध्ये, काकू."

"ते यंत्र मी आणलंय. सात महिने वाट बघून."

"ते जागेसोबतच आलंय आमच्याकडे," तो म्हणाला. गरीब बिचारा, त्याला खरंच काही माहीत नव्हतं.

ती जौदतच्या घरी तीनदा गेली. तिन्ही वेळा वहिनीने दारातून सांगितलं, तो दुकानात आहे. त्याच्या चपला मात्र दाराशीच होत्या. वकील म्हणाला, सही तुमची, साक्षीदार तुमचे, काझींनी विचारल्यावर तुम्हीच नाही म्हणालात. त्या दिवशी ती माझ्या ट्रकमध्ये बसून परत येताना एवढंच म्हणाली, "अबू नाएफ, मी बरणी न बरणी वाजवून घेतली. भावालाही वाजवून घ्यायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही." मी रेडिओ लावला.

शेवटी तिने आमच्याकडचं शेवटचं हत्यार काढलं. "त्याने माझ्या घरी कप अडवला होता," ती हाजी इद्रीसना म्हणाली. "आता तुम्ही त्याच्या घरी अडवा. तुम्ही दोघं साक्षीदार आहात. वरची चार त्याला लखलाभ. माझी शेड आणि दोन दोनुम मागा." हाजी ऐंशीचे. त्यांचा कप गार झाला अशी बातमी ज्या घरातून बाहेर पडेल, त्या घराशी सोयरीक करायला कुणी येत नाही. जौदतचा मुलगा लग्नाचा होता. शुक्रवारच्या नमाजानंतर जायचं ठरलं.

गुरुवारी दुपारी मी पेट्रोल पंपावर डिझेल भरत होतो, तर जौदत आला. शिवी द्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "कंपनीला वर्षभरासाठी ट्रक हवाय," तो म्हणाला. "रोज फेरी, नाक्यावर थांबलास तर थांबल्याचेही पैसे. तुझा मुलगा घरीच बसलाय ना? त्यालाही घेतो." मी शिवी गिळली आणि टाकीचं झाकण लावलं. त्याचा अर्थ त्यालाही कळला.

शुक्रवारी रस्मिया माझ्या ट्रकमध्येच बसून आली. मांडीवर गेल्या हंगामातली काकवीची एक बरणी होती. "मी आत येत नाही," ती म्हणाली. "मी समोर असले तर त्याला हो म्हणायला लाज वाटेल." मी ट्रक वळणावर लावला. हाजी आणि मी आत गेलो.

जौदतचे सासरे बसले होते, दोन मेहुणे होते. कॉफी आली. हाजींनी कप समोर ठेवला आणि दोन्ही हात काठीवर ठेवले. मीही माझा कप खाली ठेवला.

"प्या, हाजी," जौदत म्हणाला.

"पिऊ. तुझ्या बहिणीची शेड आणि दोन दोनुम दे, मग पिऊ. तुझ्या बापाने काय सांगितलं ते आम्ही दोघांनी ऐकलंय."

"हाजी, आता ते कंपनीचं आहे."

"कंपनीत तू आहेस. भाड्याने दे, लिहून दे, कसंही दे. आम्हाला घाई नाही."

कपावरची वाफ विरत गेली. जौदत गुडघा चोळत होता. त्याने सासऱ्यांकडे पाहिलं, तर सासरे छताकडे बघू लागले. एक मेहुणा हळूच म्हणाला, "जौदत, लोक काय म्हणतील?" जौदत डगमगला होता. हे मी अंदाजाने सांगत नाही. त्याचे ओठ हलत होते. अजून थोडा वेळ, फार तर अर्धा तास, आणि तो शब्द बाहेर पडला असता.

मग तो माझ्याकडे वळला. "अबू नाएफ," तो म्हणाला, "सोमवारी सकाळी सातला ट्रक घेऊन ये. मुलालाही आण."

मी कप उचलला आणि प्यालो. गार होती, गाळ तोंडात आला.

हाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जौदत मोठ्यांदा म्हणाला, "अंगी लागू दे!" आणि सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. "तुमच्यातलाच एक प्याला, हाजी. आता तुम्हीही घ्या." हाजी काठी टेकत उठले. त्यांचा कप भरलेलाच राहिला, पण आता त्याला काही अर्थ उरला नव्हता. ते मागच्या पायऱ्यांनी एकटेच खाली निघून गेले. माझ्या ट्रककडे आले नाहीत.

मी वळणापर्यंत चालत गेलो आणि दार उघडून आत बसलो. रस्मियाने माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या पांढऱ्या मिशीला गाळ लागला होता आणि वेलचीचा वास येत होता.

"प्यालात?" ती म्हणाली. "तुम्ही प्यालात!"

मी बाहीने मिशी पुसली.

"अल्हम्दुलिल्लाह," ती म्हणाली आणि दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "मला ठाऊक होतं. बायकोचं ऐकतो, लोकांचं ऐकतो, पण माझा जौदत मनाने वाईट नाही हो. मी उगीच त्याला वाईटसाईट बोलले." तिने घाईघाईने बरणी माझ्या हातात दिली. "ही तेवढी आत देऊन या. सांगा, ताईने दिलीय. लहान होता तेव्हा भाकरीबरोबर याच्याशिवाय जेवायचा नाही."

"उम्म सुहाद," मी म्हणालो, "त्याने काही दिलं नाही. मी तसाच प्यालो. सोमवारपासून मी त्यांच्याकडे आहे."

तिला समजायला वेळ लागला नाही. तिने बरणी माझ्या हातातून परत घेतली, सवयीने झाकणावर नख वाजवलं. टक्‌. मग ती माझ्यासमोर काचेपाशी ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "त्याच्या घरच्या कॉफीत साखर नसते."

ती उतरली आणि चढणीने घराकडे चालायला लागली. ट्रकचं दार तिने लावलं नाही. मी वाकून ते ओढून घेतलं आणि सोमवारी सात वाजता ट्रक घेऊन गेलो.